लखोटा आणि वाहक

म्हैसूरच्या गादीवर १६७३ ते १७०४ या काळात चिक्कदेवराज वडियार होते. त्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या टपालव्यवस्थेला 'अंचे' असे नाव होते. राज्याची ही स्वतंत्र टपालव्यवस्था पुढे दोन शतके टिकली आणि १८८९ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन झाली. तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. टपाल पोचविणारे अधिकारीच आपापल्या मुलखातील गुप्त वार्ता दरबारी कळवीत असत. ज्याच्या हाती लखोटा द्यावयाचा, त्याचेच डोळे आणि कान राजाचे! तरीही वाहकावर भरवसा टाकल्यावाचून गत्यंतर नसे.

हाच पेच संगणकाच्या युगात पुन्हा उभा राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अशा यंत्राकडून गणित करून घ्यावयाचे, तर छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्याच्या दारी न्यावा लागे. पुढे तारेवरून फाईल धाडण्याची सोय झाली. तिचे पहिले नियम १९७१ साली अमेरिकेत अभय भूषण या कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या भारतीय अभियंत्याने लिहिले. त्या काळी जाळ्यात मोजक्याच संस्था होत्या आणि परस्परांवर विश्वास होता. त्यामुळे परवलीचा शब्दही तारेवरून उघड्या अक्षरांत जाई. वाटेत कान देऊन बसलेल्या कोणालाही तो सहज मिळावा, अशी ती स्थिती होती.

तसेच घडले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरले गेले. तेथील टाटू युलोनेन यांनी त्यावर 'एसएसएच' हा उपाय रचला. आजच्या एसएसएचमध्ये दोन्ही टोकांची यंत्रे एक समाईक गुपित ठरवितात. पण ते गुपित तारेवरून कधीच जात नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली होती. वाहकाने लखोटा फोडला, तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरेच लागतात.

बँकांचे हिशेब सांभाळणाऱ्या मेनफ्रेम संगणकांवरही ही व्यवस्था आता रुळली आहे. तेथे जाणाऱ्याने किल्ल्यांची जोडी तयार करावयाची; खाजगी किल्ली आपल्यापाशी जपावयाची आणि तिची उघड जोडीदारीण मेनफ्रेमवर नोंदवावयाची. फाईल नेताना आणखी एक दक्षता लागते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर रोमन 'ए' हे अक्षर परंपरेने १९३ या अंकाने लिहिले जाते, इतर यंत्रांवर ६५ ने. म्हणून साध्या मजकुराचे लिप्यंतर करावे लागते; परंतु अंकरूप हिशेबाची फाईल जशीच्या तशीच न्यावी लागते. येथे गफलत झाली, तर सुरक्षित पोचलेली फाईलही वाचता येत नाही.

परंतु खरी कसोटी पहिल्या भेटीच्या वेळी लागते. दूरचे यंत्र तेव्हा आपल्या किल्लीचा ठसा दाखविते. तो ठसा तेथील जबाबदार माणसाकडून निराळ्या मार्गाने आधीच मिळवून ताडून पाहावयाचा असतो. घाईने 'होय' म्हणून पुढे जाणाऱ्याला पलीकडे कोण बसले आहे, हे कळतच नाही. अशा वेळी तो पुन्हा अंचेच्या काळातच जाऊन उभा राहतो: लखोटा मोहोरबंद, पण वाहक अनोळखी.