स्वल्पविराम आणि 'आणि'

वसमतसारख्या गावी इंग्रजी शिकवताना आपल्याला एक गोष्ट वारंवार आढळते: 'अँड', 'बट' यांच्या आधीचा स्वल्पविराम विद्यार्थी गाळतात. याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोडी दफ्तरांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. वाक्यांचे सांधे 'व', 'की', 'म्हणून' हे शब्द आणि 'जाऊन', 'करून' ही रूपेच सांभाळीत. छापील मराठीत ही चिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. कँडींचे कार्य मुंबई इलाख्यातले. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

स्वल्पविराम असा इंग्रजीकडून आला, तरी मराठी कानाला 'आणि' हाच पुरेसा विसावा वाटत राहिला. इंग्रजीत मात्र हे चिन्ह श्वासापेक्षा रचनेला बांधलेले आहे. 'ही केम अँड सॅट' यात कर्ता एकच, म्हणून ते नको. 'ही केम, अँड शी लेफ्ट' यात दोन स्वतंत्र वाक्ये, म्हणून ते देण्याची रूढी. यादीतील शेवटच्या 'अँड'आधीच्या स्वल्पविरामाबद्दल तर खुद्द इंग्रजी प्रकाशकांतही एकमत नाही. तांबडी शाई उचलण्यापूर्वी हा भेद समजावून देणे, हे आपले काम आहे.