धार बारीक का होते?

न्हाणीघरातला फवारा पूर्वी शहरातच दिसे. आता गच्चीवर टाकी आली, तसा खेड्यातल्या नव्या घरांतही तो लागला आहे. पण पुष्कळदा होते काय, की खालच्या तोटीतून बादली भरभर भरते आणि वरच्या फवाऱ्यातून नुसते थेंब गळतात. घरधनी म्हणतो, "पाणीच कमी आलंय." हे निदान बहुधा चुकते. पाणी निघते पुरेसे, वाटेत अडते किंवा मुरते. हे ज्याने मोजमाप करून दाखविले, त्याला भेटायला सुमारे १९०० वर्षे मागे, रोम शहरात जावे लागेल.

इ. स. ९७ मध्ये नर्वा बादशहाने फ्रॉन्टिनस या अनुभवी सेनानीकडे रोमचे पाणीखाते सोपविले. शहराला तेव्हा नऊ कालव्यांचे पाणी येई, तरी कारंजी कोरडी पडल्याची ओरड असेच. फ्रॉन्टिनसने सरकारी वह्या काढल्या. क्विनारिया नावाच्या मापाने सर्व कालव्यांचे मिळून १२,७५५ मापे पाणी तेथे लिहिलेले. मग तो स्वतः उगमापाशी गेला. तिथे मोजले, तो सुमारे १०,००० मापे अधिक! (पाण्याचा वेग तो हिशेबात धरीत नसे, म्हणून हा आकडा आपण काटेकोर मानू नये. पण त्याचा संशय खरा ठरला.)

मग पाणी जाई कुठे? खात्यातले पाणकेच ते विकीत. मंजुरी लहान नळाची, बसविलेला मोठा. घर दुसऱ्याच्या नावावर झाले, की नवे भोक पाडून जोडणी द्यायची आणि जुन्या भोकातले पाणी गुपचूप विकायचे. फरसबंदीखाली चोरनळ टाकलेले होते. ते उपटले, तेव्हा नुसते शिसेच केवढे तरी निघाले. म्हणून नियम होता, की जोडणीच्या तोंडाशी शिक्क्याचा काशाचा तुकडा बसवावा, कारण शिसे ठोकून रुंद करता येते, कासे सहजी वाकत नाही. आणि पुढे ५० फूट नळ त्याहून रुंद नसावा.

सारा दोष माणसांचा नव्हता. गाळ साचून त्याचे दगडासारखे कवच होते आणि पाण्याची वाट अरुंद होते, हेही त्याने लिहून ठेवले आहे. झाडांची मुळे बांधकाम फोडीत, म्हणून दोन्ही अंगांना मोकळी जागा सोडण्याचा कायदा होता.

उंचीचे महत्त्व पाहायला मात्र रोमला जायला नको. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीत, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, तिथे पाणचक्की आहे. डोंगराकडचे पाणी बंद नळातून आणून उंच भिंतीवर चढविले आहे. तिथून ते खाली पडते आणि त्या पडण्याच्या जोरावर जाते फिरत असे. पंप नाही, इंजिन नाही. उगम वर असला, की बंद नळातले पाणी पुन्हा वर चढते.

आता आपल्या न्हाणीत या. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. गच्चीला टेकलेली टाकी फवाऱ्याच्या जेमतेम मीटरभर वर असते. तोटी आणखी दीड मीटर खाली, म्हणून तिला दुपटीहून जास्त दाब. बादली भरते आणि फवारा रडतो, याचे कारण एवढे साधे. नळाची रुंदी निम्मी केली, तर त्याच उंचीवर पाणी निम्मे नव्हे, पाचव्या हिश्शाहूनही कमी येते. गवंड्याने बारीक नळ घालून चार पैसे वाचविले असतील, तर ते असे वसूल होतात.

तपास करायचा तो शेवटाकडून. फवाऱ्याची चाळणी काढा. भोकांत पांढरा क्षार दिसला तर रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवा. चाळणीशिवायही धार बारीकच असेल, तर वरची चावी अर्धवट मिटलेली नाही ना, ते बघा. नळ मध्येच वर चढून उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा कोंडते. एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर ओल आलेली भिंत शोधा.

गावच्या योजनेत शेवटच्या गल्लीतल्या बायका हंडा लावून तासभर बसतात, तिथेही हाच क्रम धरावा. फक्त तिथे चाळणी नसते. वरच्या गल्लीत रस्त्याखाली काय काय जोडलेले आहे, ते पाहावे लागते, आणि तेवढ्यासाठी ग्रामसभेत कुणीतरी उभे राहावे लागते.