वर्ण, वर्ग आणि इंग्रजीचा तास

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत इंग्रजीचा तास केवळ व्याकरण आणि निबंधलेखनापुरता मर्यादित नाही. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, विशेषतः १९७०च्या दशकापासून, कृष्णवर्णीय लेखिकांच्या कथा तेथील पाठ्यसंग्रहांत येऊ लागल्या. एका बैठकीत वाचून होणारी आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चेला घेता येणारी लघुकथा ही वर्णभेद व वर्गभेद या अवघड विषयांची ओळख करून देण्यासाठी सोयीची ठरली. या कथा आजही शिकवल्या जातात. त्या विद्यार्थ्याला नेमके काय शिकवतात, हे समजून घेण्यासाठी तीन कथा पुरेशा आहेत.

खेळण्याची किंमत

टोनी केड बंबारा (१९३९-१९९५) यांची ‘द लेसन’ ही कथा १९७२ साली ‘गोरिला, माय लव्ह’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील गरीब वस्तीतल्या मुलांना मिस मूर ही शिकलेली शेजारीण फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील ‘एफएओ श्वार्ट्झ’ या खेळण्यांच्या आलिशान दुकानात घेऊन जाते. तेथील खेळण्यातल्या शिडाच्या होडीची किंमत असते १,१९५ डॉलर. कथा सांगणारी सिल्व्हिया ३५ डॉलरचे विदूषकाचे खेळणे पाहून मनात हिशेब मांडते. तेवढ्या पैशांत घरातल्या मुलांसाठी दुमजली खाट येईल, सगळ्या कुटुंबाची गावाकडची एक फेरी होईल किंवा भाडे आणि पियानोचे बिल भागेल.

मिस मूर दुकानात भाषण देत नाही. ती मुलांना किमतीच्या चिठ्ठ्या वाचायला लावते आणि त्यांना काय वाटले, हे विचारते. दुकानाच्या दारापाशी येताच एरवी धीट असलेल्या सिल्व्हियाचे पाय अडखळतात. अडवणारे कोणी नसते. तरीही आत जाण्याची लाज वाटते. ही लाज कोठून आली, या प्रश्नावर वर्गातील चर्चा बहुधा सर्वाधिक रंगते.

या कथेत दुसरा पेच भाषेचा आहे. सिल्व्हिया प्रमाण इंग्रजीत बोलत नाही, ती कृष्णवर्णीयांच्या बोलीत बोलते. ‘शुद्ध’ इंग्रजी शिकवण्याच्या तासालाच ‘अशुद्ध’ ठरवली गेलेली बोली साहित्य म्हणून वाचावी लागते. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात फेडरल न्यायालयाने शाळांना असा आदेश दिला होता, की वाचन शिकवताना मुलांची घरची बोली विचारात घ्यावी. ही पार्श्वभूमी ठाऊक असल्यास कथेचे मोल अधिक उमगते.

एकाच घरातील दरी

अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत गौरवर्णीय पात्र जवळजवळ नाहीच. दक्षिणेतील खेड्यात आई आणि मॅगी ही धाकटी मुलगी राहतात. शहरात शिकलेली थोरली मुलगी डी घरी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते. तिला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. मॅगी त्या लग्नानंतर रोज अंगावर घेणार आहे. आई गोधड्या मॅगीला देते. वर्ण एकच असताना शिक्षण आणि पैसा माणसांना कसे दूर नेतात, हे येथे दिसते. मात्र शिकलेल्या मुलीला खलनायिका ठरवून मोकळे होणे सोपे असते. ज्या शाळेने तिला आपल्या घरापासून तोडले, तिच्याकडेही पाहावे लागते.

वाचकाचीच परीक्षा

नोबेल पारितोषिक विजेत्या टोनी मॉरिसन यांची ‘रेसिटाटिफ’ (१९८३) ही कथा याहून कठीण आहे. ट्वायला आणि रॉबर्टा या दोघी आठ वर्षांच्या असताना अनाथालयात एका खोलीत राहतात. एक कृष्णवर्णीय, एक गौरवर्णीय. पण कोण कोणत्या वर्णाची, हे मॉरिसन शेवटपर्यंत सांगत नाहीत. पुढे एक वेट्रेस होते, दुसरी श्रीमंताशी लग्न करते. शाळांतील वर्णविभाजन संपवण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवण्याच्या प्रश्नावर दोघी परस्परविरोधी निदर्शनांत उभ्या राहतात.

वाचक मात्र सतत अंदाज बांधत राहतो. आईचे वागणे, जेवणातले पदार्थ, नवऱ्याची नोकरी, घराचा पत्ता यांवरून तो वर्ण ठरवू पाहतो. प्रत्यक्षात हे सारे पुरावे वर्गाचे असतात. गरिबी म्हणजे अमुक वर्ण, हे समीकरण आपल्याच डोक्यात होते, हे वाचकाच्या ध्यानात येते. वर्गात शिक्षकाने ‘तुम्ही कशावरून ठरवलेत?’ एवढे विचारले, तरी पुरेसे होते.

वाद आणि अस्वस्थता

असे शिक्षण सर्वांनाच रुचते असे नाही. २०२१ पासून टेक्सास, टेनेसी, ओक्लाहोमा आणि त्यानंतर फ्लोरिडा आदी राज्यांनी वर्णाविषयी वर्गात काय व कसे शिकवावे यावर निर्बंध घालणारे कायदे केले. मुलांना अपराधी वाटू नये, अशी समर्थकांची भूमिका आहे. शिक्षक मात्र धास्तावतात, असे विरोधक म्हणतात. मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ ही कादंबरी अनेक ठिकाणी शालेय ग्रंथालयांतून काढली गेली. अस्वस्थता टाळायची की तिला शब्द द्यायचे, हा या वादाचा गाभा आहे.

मराठी वाचकासाठी

हा विषय आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह त्याआधीच, १९६३ मध्ये, आला होता. १९९२ च्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या संकलनामुळे दलित साहित्य इंग्रजीच्या वर्गांतही पोहोचले. मॉरिसन यांच्या कथेत लेखिका वाचकापासून वर्ण लपवते. बागुलांच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण भोवतालच्या माणसांपासून जात लपवतो. या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर समोरच्या माणसाची ओळख आपण कोणत्या खुणांवरून ठरवतो, हा प्रश्न न्यूयॉर्कइतकाच मुंबईचाही होतो.