मराठी शब्दांवरचा खटला
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७८ मधल्या काळ्या दगडी इमारतीत २०१५ साली एक छोटं संग्रहालय सुरू झालं. जुनी कागदपत्रं, कोर्टाच्या वापरातल्या वस्तू. ते पाहिलं, पण रत्नागिरीच्या माणसाचे पाय वळतात ते मध्यवर्ती न्यायदालनाकडे. दालनाबाहेर टिळकांच्या उद्गारांची पाटी आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तिचं अनावरण केलं. ज्या कोर्टानं शिक्षा दिली, त्यानंच ही पाटी लावावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९०८ च्या जुलैत इथं 'केसरी'तल्या लेखांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला होता. अकरा वर्षांनी बॅरिस्टर जीना जामीन मागायला उभे राहिले, तेव्हा दावरांनी नकार दिला. खुर्ची बदलली की माणूस बदलतो, दुसरं काय!

ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत, निवाडा इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी वकील दिला नाही. भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली. मूळ शब्दाचा अर्थ हा नव्हे, हे सांगत ते एकवीस तासांहून अधिक बोलले. मी मराठीत कविता लिहितो. एका शब्दाची छटा दुसऱ्या भाषेत नेताना काय हाल होतात, ते मला ठाऊक आहे. इथं तर त्या छटेवर माणसाची सहा वर्षं टांगलेली होती.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता.

पुढे त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. म्हणजे थिबा राजाच्या जुन्या राजधानीत! आणि मंडालेहून हद्दपार केलेला तो राजा १८८६ पासून कुठं होता? आमच्या रत्नागिरीत. टिळक आळीत जन्मलेला माणूस ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा आमच्या गावात. थिबा राजवाडा बांधून झाला १९१० साली, तेव्हा टिळक मंडालेत 'गीतारहस्य' लिहीत होते.

टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले. १९१६ मध्ये पुन्हा खटला झाला, तेव्हा जीनांनी त्यांची बाजू मांडली आणि उच्च न्यायालयात जिंकली. थिबा मात्र परत गेला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. त्याची समाधीही इथंच आहे.