रत्नागिरीचा दरवाजा कोणता?

आमच्या इस्लामपूर भागातला माणूस रत्नागिरीला निघाला, की ‘जायचं कसं?’ एवढेच विचारतो. शिराळा, कोकरूड, मलकापूर करीत आंबा घाट उतरला, की त्याला वाटते, झाला प्रवास! पण ‘आता गावात हिंडायचं कशानं?’ हा प्रश्न उतरल्यावर पुढे उभा राहतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. वाचकहो, ते थोडे उलगडून पाहू.

रत्नागिरीचे तोंड मुळात समुद्राकडे. 1886 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी येथे आणले, तेही समुद्रमार्गेच. मुंबईचा चाकरमानी आगबोटीने येई. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून काठावर आणीत. माझ्या आत्याचे सासर रत्नागिरीचे. तिच्या सासूबाई सांगत, “अहो, बोटीपेक्षा पडावात उतरायचीच भीती!” मांडवीच्या काठावर पाऊल पडले, की बाजारपेठ आणि आळ्या पायी गाठण्याजोग्या. पावसाळ्यात बोटी बंद. आणि खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला तर. म्हणजे गावाची वाहतूक वाऱ्यावर नि भरतीओहोटीवर चाले.

मग दरवाजा फिरला. 1 जून 1948 रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एस.टी. धावली, आणि पुढे हे जाळे घाटाखालीही पसरले. रस्ते सुधारले, आगबोटी थांबल्या. 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे सलग सुरू झाली. पण डोंगर पोखरून आलेली ही रेल्वे गावाच्या पाठीमागून गेली. स्टेशन राहिले पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. पूर्वीचे परसदार आज पुढचे दार झाले आहे. त्यामुळे गाडीतून उतरलेला पाहुणा “समुद्र कुठाय?” म्हणून विचारतो, त्यात त्याचा दोष नाही.

तेव्हा काय करावे? स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते. भाडे बसण्याआधी ठरवून घ्यावे, म्हणजे उतरताना मन कडू होत नाही. शहर बसही येथे एस.टी.च चालवते. ती मारुती मंदिराकडून गावात येते. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर आणि 1931 चे पतितपावन मंदिर पायीच पाहावे. थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग चढावर आहेत. म्हाताऱ्या माणसांनी तिथे रिक्षाच करावी.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. शहर बस ही पाहुण्याची सोय. गावकऱ्याची मात्र ती गरज आहे. 2021 च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. कामगारांची दुःखे खरी होती. पण त्या काळात मी आत्याकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, “अरे, दवाखान्यात जायचं तर रिक्षाचेच पैसे औषधापेक्षा जास्त होतात.” पडावाची भीती गेली, पण काठावर अडकून राहण्याची गेली नाही. आपण मोटार घेऊन जातो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

म्हणून रत्नागिरीस गेलात, तर एकदा तरी मोटार ठेवून द्या. शहर बसने गावात उतरा, विचारत विचारत मांडवीला जा, आणि संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहा. गाव समोर दिसेल, ते त्याच्या जुन्या दारातून.