गीतात नाव कोरणारा कवी : वामनदादा कर्डक (थ्रेड)

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर लोक जमतात. पालीकडची मंडळी वाकण फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागतात आणि कोलाड, माणगाव मागे टाकत महाड गाठतात. तेथे दिवसभर भीमगीते कानी पडतात. गाणारे कोण, हे बहुतेकांना ठाऊक असते. गीत कोणाचे, हे मात्र पुष्कळदा विचारावे लागते. आणि विचारले की एक नाव वारंवार पुढे येते : वामन तबाजी कर्डक.

१९२७ साली बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा वामन साडेचार वर्षांचा होता. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. शाळा वाट्याला आली नाही. पोटासाठी मुंबई, शिवडीच्या बीडीडी चाळीत बिऱ्हाड, गिरणीत किंवा कोळशाच्या वखारीत मिळेल ते काम. पुढे समता सैनिक दलाशी संबंध आला.

चाळीत एकदा कोणीतरी त्याच्या हाती पत्र दिले व वाचून दाखवण्यास सांगितले. वाचता येत नव्हते. ती शरम जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून अक्षरओळख झाली. पुढचा सराव दुकानांच्या पाट्यांवर. ज्याच्या गीतांवर आज प्रबंध लिहिले जातात, त्याची बाराखडी ही अशी, ऐन तारुण्यात गिरवलेली.

१९४३ मध्ये पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लोकांच्या ओठी आधीच बसलेली चाल घेतली की शब्द एका रात्रीत वस्तीभर पोचतात. छापखाना आणि रेडिओ हाताशी नसलेल्या कवीला याहून स्वस्त प्रकाशक कोठे मिळणार?

ही वाट त्यांच्या आधीच पडलेली होती. महात्मा फुले यांच्या विचारातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले आणि १९३०च्या दशकात त्याच धर्तीवर आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. (आडनाव आणि जिल्हा एकच, त्यामुळे दोघांची गल्लत फार होते.) जलशात गण, बतावणी, संवाद, गाणी असा सगळा जामानिमा लागे. वामनदादांनी त्यातले गाणे उचलले आणि एका पेटीच्या व ढोलकीच्या आधारावर स्वतंत्र उभे केले.

मात्र त्यांच्या गीतांची खरी निकड १४ ऑक्टोबर १९५६ नंतर निर्माण झाली. नागपूरच्या धर्मांतराने देव सुटले, तशी देवांची गाणीही सुटली. लग्नात काय गावे? बारशाला? गृहप्रवेशाला? अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबही गेले. त्या शोकालाही शब्द हवे होते. जुने गळून पडलेल्या समाजाला नवी गाणी पुरवण्याचे काम कोणा संस्थेने नव्हे, तर वस्त्यावस्त्यांतल्या कवी-गायकांनी केले, आणि वामनदादा त्यांत सर्वांत पुढे होते. गावोगाव फिरायचे, मुक्काम पडेल तेथे लिहायचे, रात्री गायचे, हाच त्यांचा संसार झाला.

लिहिलेले गीत गायकांच्या वह्यांत उतरून घेतले जाई. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना शब्द बदलत. म्हणून वामनदादा शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत : 'वामन'. संतांच्या अभंगातील आणि शाहिरांच्या पोवाड्यातील नाममुद्रेची, गझलेतील तखल्लुसाची हीच रीत. त्यांच्या बाबतीत ती नुसती रीत नव्हती. मालकीचा दाखला म्हणून त्यांच्यापाशी तेवढेच होते. दाखलाही कच्चाच, कारण गाणाऱ्याने वेळेअभावी शेवटचे कडवे गाळले की कवीही गळून पडतो.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला आणि मराठी समीक्षेला दलित कविता दखलपात्र वाटू लागली. वामनदादांचा 'वाटचाल' हा संग्रह आला १९७३ मध्ये, म्हणजे तीस वर्षे गाऊन झाल्यावर. १९७६ मध्ये 'मोहळ' आला. मुक्तछंदातल्या विद्रोहाची चर्चा झाली. यमकात बसलेल्या विद्रोहाला 'प्रचारगीत' म्हणून बाजूला ठेवले गेले. प्रसंगापुरती लिहिलेली, घाईची गीते त्यांच्याकडे आहेतच, ते नाकारता येत नाही. परंतु तो न्याय पोवाड्यांना किंवा स्वातंत्र्यलढ्यातील पदांना इतक्या कठोरपणे कधी लावला गेला नाही.

चळवळीने मात्र त्यांना साहित्यिक म्हणूनच मानले. १९९३ मध्ये वर्धा येथील अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही वह्यांमधून, गायकांच्या स्मरणातून त्यांची अप्रकाशित गीते गोळा होत राहिली. एखादे गीत त्यांचेच की दुसऱ्याचे, असा प्रश्न पडला की संपादक अजूनही आधी शेवटचे कडवे पाहतात.