सुझुकी मोटारगाडी : कर्जत–खालापूर परिसर

जपानमधील हामामात्सू येथील सुझुकी कंपनीने विकसित केलेली व भारतात प्रथम ‘मारुती’ आणि पुढे ‘मारुती सुझुकी’ या नावाने तयार होऊ लागलेली हलकी मोटारगाडी. महाराष्ट्रात ती १९८३ नंतर प्रसार पावली. रायगड जिल्ह्याच्या घाटपायथ्याकडील कर्जत व खालापूर या तालुक्यांत तिला दुहेरी स्थान मिळाले. मुंबई–पुणे मार्गावरील मध्यमवर्गीय कुटुंबाचे ती वाहन झाली, तर नेरळ–माथेरान घाटात ती भाड्याची टॅक्सी म्हणून अनेकांच्या उपजीविकेचे साधन ठरली. या गाडीचा हलकेपणा हा तिच्या यशाचा आणि तिच्या मर्यादांचाही मूळ आधार होय. या परिसरातील तिच्या सुमारे चार दशकांच्या इतिहासात या दोन्ही बाजू स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वेतिहास : मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सू येथे हातमाग व यंत्रमाग बनविण्याचा कारखाना काढला. १९२० मध्ये त्याचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. टोयोटाप्रमाणेच सुझुकीचाही उगम अशा रीतीने वस्त्रोद्योगाच्या यंत्रांत आहे. १९३७ च्या सुमारास कंपनीने लहान मोटारगाडीचे प्रयोग आरंभिले. तथापि युद्धामुळे ते थांबले. युद्धोत्तर काळात मागांची मागणी घटल्यावर १९५२ मध्ये सायकलला जोडावयाचे लहान एंजिन कंपनीने बाजारात आणले. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात ‘मोटार’ हा शब्द समाविष्ट झाला आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही तिची पहिली मोटारगाडी निघाली.

सुझुलाइट ही जपानी शासनाने ठरविलेल्या ‘केई’ म्हणजे हलक्या वर्गातील गाडी होती. या वर्गातील गाडीची लांबी, रुंदी व एंजिनाचे आकारमान यांवर बंधन असे आणि त्याच्या मोबदल्यात करात सवलत मिळे. एंजिनाची मर्यादा दीर्घकाळ ३६० घ. सेंमी. होती; ती १९७६ मध्ये ५५० व १९९० मध्ये ६६० घ. सेंमी. करण्यात आली. अरुंद रस्ते, महाग इंधन व मर्यादित उत्पन्न या परिस्थितीतून जन्मलेल्या या नियमांमुळे कमी पत्रा व कमी इंधन यांत अधिकाधिक जागा देण्याचे कौशल्य जपानी अभियंत्यांनी साध्य केले. १९६१ मध्ये सुझुकीने ‘कॅरी’ ही लहान मालवाहू गाडी आणली. १९७८ मध्ये ओसामु सुझुकी (१९३०–२०२४) अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीत १९७९ मध्ये निघालेल्या ‘आल्टो’ या गाडीची किंमत केवळ ४ लाख ७० हजार येन ठेवण्यात आली होती. कॅरी व आल्टो या दोन वंशांतूनच पुढे भारतातील ‘व्हॅन’ आणि ‘८००’ या गाड्या आल्या.

भारतातील प्रवेश : १९७१ मध्ये स्थापन झालेली मारुती लिमिटेड ही खाजगी कंपनी उत्पादनाआधीच बंद पडली. १९८० मध्ये शासनाने तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली. परदेशी सहकाऱ्याच्या शोधानंतर २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. सुझुकीकडे सुरुवातीस २६ टक्के भाग होते. १९९२ मध्ये ते ५० टक्के झाले, २००२ मध्ये निम्म्याहून अधिक झाले आणि २००७ मध्ये शासनाने आपले उरलेले भाग विकले. त्याच वर्षी कंपनीने ‘मारुती सुझुकी इंडिया’ हे नाव धारण केले.

पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकास देण्यात आली. तिची किंमत सुमारे ५० हजार रुपये होती. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच लाखाहून अधिक लोकांनी मागणी नोंदविली होती. १९८४ मध्ये व्हॅन आली. तिलाच १९८८ पासून ‘ओम्नी’ म्हणू लागले. १९८५ मध्ये चारही चाकांना गती देणारी ‘जिप्सी’ आणि १९८६ मध्ये नव्या बांधणीची ‘८००’ बाजारात आली.

महाराष्ट्रात त्यापूर्वी प्रचलित असलेली गाडी म्हणजे मुंबईत कुर्ला येथे प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली ‘पद्मिनी’ होय. फियाटच्या जुन्या आराखड्यावर आधारलेल्या या गाडीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी.चे होते. तिच्या तुलनेत मारुतीचे तीन सिलिंडरांचे एंजिन केवळ ७९६ घ. सेंमी.चे होते, मात्र गाडीचे वजन साडेसहाशे किग्रॅ.च्या आसपास, म्हणजे पद्मिनीहून बरेच कमी होते. त्यामुळे एंजिन लहान असूनही गाडी चपळ वाटे व इंधन कमी लागे.

घाटातील उपयोग : कर्जत व खालापूर या तालुक्यांची रचना मोटारगाडीची कसोटी पाहणारी आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाटात रस्ता सुमारे ५०० मी. चढतो, तर नेरळपासून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत तो सुमारे ७०० मी. चढतो आणि तीव्र वळणांनी भरलेला आहे. पावसाळ्यात येथे अतिवृष्टी होते. धुके, वाहून आलेली माती व दरडी यांमुळे वाहतूक वारंवार विस्कळीत होते.

चढावर गाडी सावकाश चालत असताना शीतकाला मिळणारा वारा कमी पडतो आणि एंजिनावरचा भार मात्र वाढतो. पद्मिनीचा पंखा एंजिनाच्याच गतीने फिरत असे. बोरघाटात रस्त्याकडेला टोपण उघडून पाणी घालीत थांबलेल्या गाड्या हे त्या काळी नेहमीचे दृश्य होते. मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर चाले व एंजिनाच्या गतीवर अवलंबून नसे. त्यामुळे घाटातील प्रवास तुलनेने निर्वेध झाला. सुटीच्या दिवशी मुंबई वा ठाणे येथून कुटुंबासह स्वतःच्या गाडीने खंडाळ्यास, कर्जतच्या परिसरात किंवा कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरील कोंडिवड्यापर्यंत जाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. कर्जत परिसरातील शेतघरांच्या वाढीस अशा लहान गाड्यांचा हातभार लागला.

याच गाडीच्या उणिवाही घाटातच उघड होत. ८०० मध्ये एंजिन पुढे असून गती पुढच्याच चाकांना मिळे. सपाट ओल्या रस्त्यावर ही रचना लाभदायक असते. परंतु तीव्र चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढील चाकांची पकड सैल होते आणि पाच माणसांनी भरलेली गाडी निसरड्या वळणावर जागीच चाके फिरवू लागते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून क्षीण होतात, म्हणून चढताना वापरलेल्या गिअरमध्येच उतरावे, हा घाटातील चालकांचा जुना नियम हलक्या गाडीलाही लागू राहिला.

नेरळची व्हॅन : ओम्नीची रचना ८०० हून वेगळी होती. तेच ७९६ घ. सेंमी.चे एंजिन पुढील आसनांखाली बसविलेले असून गती मागच्या चाकांना दिली जाई. चढावर मागे सरकणारा भार त्यामुळे गती देणाऱ्या चाकांवरच पडे. बाजूचे सरकते दरवाजे अरुंद जागेत उघडता येत. नाकाचा भाग जवळजवळ नसल्याने गाडी आखूड राही आणि आतील जागा मात्र मोठी मिळे. तीव्र वळणे, चिंचोळा रस्ता आणि सामानासह येणारे प्रवासी अशा नेरळ–माथेरान मार्गास ती अनुरूप ठरली. नेरळ स्थानकाबाहेर ओळीने उभ्या असलेल्या सामायिक भाड्याच्या व्हॅन ही पुढे या गावाची ओळखच बनली. इतरत्र हीच गाडी रुग्णवाहिका, शाळेची गाडी व किरकोळ मालाची वाहतूक यांसाठी वापरली गेली.

माथेरानची लहान आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्या तुलनेत व्हॅन थोड्या वेळात वर पोचवी; परंतु दोहोंचा संबंध केवळ स्पर्धेचा नव्हता. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्ग वाहून गेल्याने आगगाडी २००७ पर्यंत बंद राहिली. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर ती पुन्हा थांबविण्यात आली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात झालेल्या हानीनंतर नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच पूर्ववत झाली. या सर्व काळात माथेरानकडे जाणाऱ्या प्रवाशांची मुख्य भिस्त घाटरस्त्यावर व तेथील टॅक्सींवर होती. पर्यटकांबरोबरच माथेरानच्या रहिवाशांना रुग्णालय, बाजार व शिक्षण यांसाठी खाली उतरावे लागे. त्यांच्या दृष्टीने व्हॅन ही गरजेची बाब होती.

चालक-मालकांच्या अनुभवाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल : गाडीची किंमत कमी, सुटे भाग सर्वत्र उपलब्ध व यंत्ररचना साधी असल्याने स्थानिक कारागिरास दुरुस्ती करता येई. आसन उचलले की एंजिन हाताशी येई. मात्र त्याच रचनेमुळे एंजिनाची उष्णता व आवाज चालकास थेट जाणवे. सततच्या पहिल्या व दुसऱ्या गिअरमुळे क्लच लवकर झिजे. कोकणातील पावसात पातळ पत्रा गंजे. द्रवरूप वायू वा नैसर्गिक वायू वापरल्यास इंधनाचा खर्च वाचे. परंतु टाकीने सामानाची जागा अडे आणि चढावर जोर थोडा कमी पडे. एकाच गाडीवर कुटुंबाचा निर्वाह अवलंबून असल्याने पावसाळ्यातील बंद रस्ता हा चालकाच्या दृष्टीने बुडालेला रोजगार असे.

सुरक्षिततेचा प्रश्न : ओम्नीत पुढील आसनांसमोर धडक शोषून घेणारा भाग जवळजवळ नव्हता. घाटात वेग कमी असल्याने ही उणीव काहीशी झाकली जाई. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या वाहनांचा वेग वाढला आणि हलक्या गाडीची मर्यादा ठळक झाली. घाटात उपकारक ठरणारे कमी वजन वेगवान धडकेत प्रवाशास अपकारक ठरते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत आल्टो ८०० व स्विफ्ट या गाड्यांच्या वायुपिशव्या नसलेल्या आवृत्त्यांना, आणि २०१६ मध्ये ओम्नीच्या जातीतील ‘ईको’ या गाडीला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. इतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गाड्यांचीही त्या चाचण्यांतील स्थिती अशीच होती.

यानंतर शासनाने धडकेतील संरक्षणाचे नियम कठोर केले व ते ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या आराखड्यांनाही लागू झाले. एप्रिल २०२० पासून प्रदूषणविषयक भारत–६ मानकही आले. मारुती ८०० चे उत्पादन २५ लाखांहून अधिक गाड्यांनंतर २०१४ मध्ये थांबले होते. ओम्नीचे उत्पादन ३५ वर्षांनंतर २०१९ मध्ये संपले. नेरळच्या चालकांसमोर तेव्हा जुनी व्हॅन परवान्याच्या मुदतीपर्यंत चालवावी किंवा अधिक किमतीची ईको घ्यावी, असे दोन पर्याय उरले. २०१० मध्ये आलेल्या ईकोचे एंजिन सुमारे १,२०० घ. सेंमी.चे असून तिला आखूड नाक आहे व गती मागच्याच चाकांना मिळते. त्यामुळे व्हॅनची जागा मुख्यतः तिने घेतली. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची धडक-मूल्यांकन पद्धती सुरू झाली आणि २०२४ मध्ये सुझुकीच्या नव्या ‘डिझायर’ला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. अशा संरक्षणासाठी लागणारी वाढीव किंमत भाड्याच्या व्यवसायास परवडणे, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

औद्योगिक संबंध : या परिसराचा जपानी उद्योगाशी संबंध केवळ गाडी वापरण्यापुरता नाही. खोपोली येथे १९६० च्या दशकात सुरू झालेला महिंद्र युजीन हा मिश्रपोलादाचा कारखाना वाहन उद्योगास लागणारे विशेष पोलाद पुरवीत आला. २०१२ मध्ये त्याच्या पोलाद विभागात जपानची सान्यो स्पेशल स्टील ही कंपनी भागीदार झाली व २०१८ मध्ये तिने बहुसंख्य भाग घेतले. घाटात चढणाऱ्या गाडीच्या दंतचक्रांना व धारव्यांना लागणाऱ्या जातीचे पोलाद अशा प्रकारे घाटाच्या पायथ्याशीच तयार होते.

मर्यादा : माथेरानच्या हद्दीत मोटारगाडीस पूर्वीपासून बंदी असून २००३ मध्ये हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून पुढे पूर्वी पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून जावे लागे. हातरिक्षा ओढण्याचे कष्टप्रद काम संपावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. कोंडाणे लेण्यांकडे जाणाराही आपली गाडी पायथ्याच्या गावी ठेवून उरलेली वाट पायी चढतो. घाटरस्ता सुगम करणाऱ्या या लहान जपानी गाडीने डोंगराची दारे सामान्य माणसास खुली केली. या दारांच्या आत मात्र वाहनाविना चालणारे जीवन टिकून राहिले आहे.